पोकेमॉनचा ‘डेक्झिट’ : वादाची पार्श्वभूमी

११ जून २०१९. लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेम प्रदर्शनातून ‘पोकेमॉन स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ या नव्या जोडीचा डेमो थेट दाखवला जात होता. त्यातच मालिकेच्या निर्मात्याने सांगून टाकलं, की जुन्या गेम्समधले सगळे पोकेमॉन, म्हणजे पकडून आपल्या टीममध्ये ठेवायचे काल्पनिक प्राणी, या वेळी आणता येणार नाहीत. या गेममधल्या गालार प्रदेशाच्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या यादीत, ज्यांची नावं आहेत, तेवढेच येतील. तोवर मालिकेत ८०९ पोकेमॉन झाले होते. नॅशनल डेक्स (सगळ्या पोकेमॉनची एकत्र यादी) परत आणा, अशी मागणी करणारा हॅशटॅग लगेच पसरला आणि ब्रेक्झिटच्या धर्तीवर या प्रकाराला ‘डेक्झिट’ हे नावही पडलं. गालार हा प्रदेश ब्रिटनवरच बेतलेला, त्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आपला आवडता पोकेमॉन नाही म्हणून पोरं रुसली, असं बाहेरून बघणाऱ्यांना वाटलं. मालिकेतल्या एकेका जोडीतून आपली टीम पुढे नेत आलेल्यांना तसं वाटणं शक्य नव्हतं. नव्या गेममध्ये काय असावं ही तक्रार दुय्यम होती. जे आधीच आपल्याकडे आहेत त्यांचं आता काय, हा खरा प्रश्न होता. आणि तो प्रश्न विचारायची सवय या मालिकेनेच लावली होती.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. १९९६ साली जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ आले तेव्हापासूनच एका कार्ट्रिजमध्ये १५१ जण पूर्ण होणार नाहीत अशी रचना होती. लिंक केबल लावून दुसऱ्याशी ट्रेड करणं भागच होतं. १९९९च्या ‘गोल्ड-सिल्व्हर’ने ही संख्या २५१वर नेली आणि टाइम कॅप्सूलची सोय दिली, म्हणजे जुन्या आणि नव्या गेममध्ये दोन्हीकडून ये-जा. तिथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

पहिला खंड पडला तो नोव्हेंबर २००२मध्ये, ‘रूबी-सफायर’च्या वेळी. इथे जरा थांबायला हवं, कारण २०१९च्या भांडणात ‘तेव्हाही हेच झालं होतं, मग आत्ताच आरडाओरडा कशाला’ हा मुद्दा वारंवार पुढे केला गेला. निन्टेंडोच्या गेम बॉय अॅडव्हान्स या कन्सोलवर येताना पोकेमॉनची आतली मांडणीच बदलली. प्रत्येकाला नेचर (स्वभाव) आणि अॅबिलिटी (खास गुण) आली, आणि जन्मजात ताकदीचे छुपे आकडे ० ते १५ऐवजी ० ते ३१ झाले. जुना पोकेमॉन या साच्यात बसेना, म्हणून मागचे सगळे मागेच राहिले. चाहते तेव्हाही चिडले होते आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं.

पण दोन्ही वेळची गोष्ट एकच नाही. ‘रूबी’च्या प्रादेशिक यादीत दोनशेच्या आसपास नावं होती, तरी कार्ट्रिजच्या आत ३८६च्या ३८६ पोकेमॉन होते. त्यांची चित्रं, त्यांचे आवाज, त्यांचे मूव्ह्ज (लढतीतले डाव), सगळं. जानेवारी २००४मध्ये ‘फायररेड-लीफग्रीन’ आल्यावर केबल जोडून बल्बासॉर थेट ‘रूबी’त आणता आला. ‘रूबी’ तर वर्षभर आधी विकली गेली होती आणि त्या काळी अपडेट नावाची सोयच नव्हती. थोडक्यात, २००२मध्ये दाराला कुलूप होतं पण आत खोली बांधून तयार होती; २०१९मध्ये खोलीच नव्हती. हा फरक जाणूनबुजून दुर्लक्षिला गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘रूबी’नंतरची सतरा वर्षं जुन्या गेममधून नव्यात पोकेमॉन नेण्याची ही साखळी एकदाही तुटली नाही. मात्र ती चालवणं सोपंही नव्हतं. ‘रूबी’त पकडलेला पोकेमॉन २००६च्या ‘डायमंड-पर्ल’मध्ये न्यायचा तर गेम बॉयच्या कार्ट्रिजची खाच असलेला डीएस कन्सोलच हवा, कारण पुढच्या डीएसआयमधून ती खाच काढून टाकली गेली. एका वेळी सहा पोकेमॉन पाठवायचे, गेममधल्या पाल पार्क या जागी जाऊन ते एकेक करून पुन्हा पकडायचे, मग त्याच कार्ट्रिजसाठी पुढच्या दिवसापर्यंत थांबायचं. अंगात सर्फसारखा एचएम मूव्ह (गेममध्ये वाट काढायला लागणारा खास डाव) असला तर आधी तो विसरायला लावायचा, नाहीतर पोकेमॉन जातच नाही. तिथून ‘ब्लॅक-व्हाइट’मध्ये न्यायला दोन डीएस समोरासमोर लागायचे. २०१३ साली ‘एक्स-वाय’ आले तेव्हा मार्ग बँक नावाच्या ऑनलाइन साठवणीतून गेला आणि तिला वार्षिक शुल्क होतं. ‘ब्लॅक-व्हाइट’मधल्या पहिल्याच बॉक्समध्ये तीस पोकेमॉन भरून ठेवायचे, ते वर चढवायचे, मग पुढचे तीस. आणि पाल पार्कपासून पुढे सगळा रस्ता एकमार्गी: गेलेला पोकेमॉन परत येत नाही.

एवढा खटाटोप करून काय हाती लागतं? होममध्ये (बँकेनंतर २०२०मध्ये आलेल्या ऑनलाइन साठवणीत) अशा पोकेमॉनचं पान उघडलं, की त्याला पहिल्यांदा पकडणाऱ्याचं नाव, आयडी नंबर, आणि वाटेत मिळवलेल्या रिबन्स (बक्षीस म्हणून मिळणारे बिल्ले) एकाखाली एक दिसतात. या रिबन्सभोवती चाहत्यांचा एक वेगळाच पंथ तयार झाला. एकच पोकेमॉन घ्यायचा, ‘रूबी’ किंवा तिच्या बरोबरीच्या गेमपासून सुरुवात करायची, आणि मालिकेतल्या प्रत्येक पिढीतून फिरवत त्याला मिळू शकेल ती प्रत्येक रिबन मिळवायची. अशाला रिबन मास्टर म्हणतात. यात वर्षं जातात. ज्यांचा पोकेमॉन गालारच्या यादीत नव्हता, त्यांचा हा प्रवास ‘स्वोर्ड-शील्ड’च्या उंबरठ्यावर थांबला. ‘आवडीचा पोकेमॉन नाही तर दुसरा घ्या’ हा सल्ला त्यांना द्यायचा तरी कसा?

आता या वादातला सगळ्यात गुंत्याचा शब्द, नॅशनल डेक्स. हॅशटॅगमध्ये तोच होता, आणि त्यामुळे पुष्कळ गोंधळ झाला. नॅशनल डेक्स ही गेममधली एक यादी. ती २०१६च्या ‘सन-मून’मध्येच काढून टाकली होती. तेव्हा थोडी कुरकुर झाली, मोठा भडका उडाला नाही, कारण यादी नसली तरी तोवरचा प्रत्येक पोकेमॉन बँकेतून गेममध्ये येत होता, लढत होता, बॉक्समध्ये राहत होता. २०१९मध्ये गेला तो पोकेमॉनच. तरीही मागणी मांडली गेली ती यादीच्या नावाने, आणि निर्मात्यांची बाजू घेणाऱ्यांना सोपं उत्तर सापडलं: यादी तर मागेच गेली, तेव्हा कुठे होतात? २०१० सालच्या ‘ब्लॅक-व्हाइट’चा दाखलाही असाच चुकीचा दिला जातो. त्यात मुख्य कथा संपेपर्यंत फक्त १५६ नवे पोकेमॉन भेटत, हे खरं. पण कथा संपली की जुने सगळे आत घेता येत होते.

निर्णयाची कारणं म्हणून त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या गेल्या: स्विच या नव्या कन्सोलवर पोकेमॉन अधिक जिवंत, अधिक हावभाव असलेले दाखवायचे आहेत, आणि एवढ्या संख्येत लढतींचा बॅलन्स राखणं कठीण झालं आहे. दोन्ही कारणं ऐकायला पटण्यासारखी आहेत. वेगवेगळे फॉर्म्स धरले तर आकडा हजाराच्या घरात जातो, आणि त्या प्रत्येकाचं चालणं, मार खाणं, कोसळणं तपासायचं म्हणजे कमी काम नव्हे.

अॅनिमेशनच्या मुद्द्यावर चाहते तुटून पडले. त्यांनी आधीच्या थ्रीडीएस कन्सोलवरची मॉडेल्स आणि नवी मॉडेल्स शेजारी ठेवली आणि बहुतेक जुनीच आहेत असं दाखवलं. ‘डबल किक’ करताना पोकेमॉन जागच्या जागी उडी मारतो, ते दृश्य तर सगळीकडे फिरलं. ही टीका सगळी खोटी नव्हती, पण तिने मूळ तक्रारीचं नुकसान केलं. झाडाच्या खोडाचं टेक्स्चर किती जुनाट दिसतं यावर इतकं बोललं गेलं, की साखळी तुटण्याचा विषय मागे पडला. त्यात काही जणांनी निर्मात्यांना व्यक्तिशः शिवीगाळ केली, तिचं समर्थन कुठल्याच कारणाने होऊ शकत नाही.

बॅलन्सचं कारण मला कधीच पटलं नाही. मालिकेच्या अधिकृत स्पर्धांमध्ये हा प्रश्न आधीच सुटला होता. २०१४च्या नियमांत फक्त कालोसच्या (‘एक्स-वाय’मधल्या प्रदेशाच्या) यादीतले पोकेमॉन चालत होते, २०१७मध्ये फक्त अलोलाच्या (‘सन-मून’मधल्या प्रदेशाच्या). म्हणजे गेममध्ये सगळे ठेवून स्पर्धेपुरती यादी आखणं शक्य होतं आणि ते केलंही गेलं होतं. घरी बसून एकट्याने खेळणाऱ्याच्या बॉक्समधला पोकेमॉन कोणाचा बॅलन्स बिघडवणार होता?

खरं कारण वेळापत्रकात असावं. ‘सन-मून’ नोव्हेंबर २०१६, त्याची सुधारित जोडी नोव्हेंबर २०१७, ‘लेट्स गो’ नोव्हेंबर २०१८, ‘स्वोर्ड-शील्ड’ नोव्हेंबर २०१९. चारही वेळा महिन्याच्या मध्यावरचा शुक्रवार. गेमच्या तारखेला कार्टून मालिका, पत्ते, खेळणी असं सगळं बांधलेलं असतं. तारीख हलत नाही, मग काम कमी करावं लागतं. हे कोणी जाहीरपणे म्हटलेलं नाही. पण मालिकेच्या पहिल्याच पूर्ण एचडी पिढीला आणखी एक वर्ष मिळालं असतं तर हा वाद इतका चिघळला नसता, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्यात आहे.

जूनच्या शेवटी एक जाहीर निवेदन आलं. भावना पोहोचल्या, निर्णय सोपा नव्हता, आणि या गेममध्ये नसलेला पोकेमॉन पुढच्या एखाद्या गेममध्ये दिसू शकेल, असा त्याचा आशय होता. निर्णय बदलला नाही. नोव्हेंबरमध्ये गेम बाजारात येण्याआधीच पूर्ण यादी फुटली: ४०० जण. चॅरिझार्ड होता, पण त्याच्याच जोडीचे बल्बासॉर आणि स्क्वर्टल नव्हते. पुढे कोड तपासणाऱ्यांना आणखी ३५ पोकेमॉन आत सापडले, ज्यांत ते दोघेही होते. फक्त ते मिळवायचा मार्ग अजून उघडलेला नव्हता. मूव्ह्जनाही कात्री लागली होती. हिडन पॉवर, परसूट, रिटर्न असे वर्षानुवर्षांचे मूव्ह गेले. मेगा इव्होल्यूशन, म्हणजे लढतीपुरतं होणारं रूपांतर, तेही नव्हतं.

१५ नोव्हेंबरला गेम आला आणि पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत जगभरात साठ लाखांवर प्रती खपल्या. डिसेंबरअखेर हा आकडा १ कोटी ६० लाखांच्या पुढे गेला. तक्रार मूठभरांची होती, असा निष्कर्ष यावरून काढला गेला. खपावरून गेम किती जणांना हवा होता ते कळतं. तक्रार खरी की खोटी ते त्यावरून ठरत नाही. तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांनी गेम विकत घेतलाच होता.

९ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते, एक्स्पान्शन पास जाहीर झाला. दोन नवे भूभाग, २९.९९ डॉलर, आणि दोनशेहून अधिक जुने पोकेमॉन परत. ‘आधी कापायचं आणि मग विकायचं’ हा आरोप त्याच दिवशी सुरू झाला. यात निर्मात्यांच्या बाजूची एक गोष्ट नोंदवायलाच हवी: पास न घेणाऱ्यांनाही मोफत अपडेटमधून हे पोकेमॉन ट्रेडने किंवा होममधून आणता येत होते. पैसे होते ते नव्या भूभागांत जाऊन त्यांना पकडण्याचे. त्यामुळे हा आरोप पूर्ण खरा नाही. मात्र फेब्रुवारीत सुरू झालेल्या होमच्या मोफत खात्यात जागा होती फक्त ३० पोकेमॉनची, आणि बँकेतून पोकेमॉन हलवायला पैसे भरूनच घ्यायचं खातं लागायचं. सतरा वर्षं जमवलेला साठा ज्याच्याकडे आहे त्याला फुकटात काहीच करता येत नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक गेमला आपापली यादी हाच नियम झाला. २०२१च्या ‘डायमंड-पर्ल’च्या नव्या आवृत्तीत पहिले ४९३ पूर्ण होते, पण त्यापुढचा एकही नाही. ‘लेजंड्स : आर्सेयस’मध्ये २४२. नोव्हेंबर २०२२च्या ‘स्कार्लेट-व्हायोलेट’मध्ये पुन्हा ४००, मग दोन डीएलसींतून (डाउनलोडने मिळणाऱ्या जादा भागांतून) वाढ. तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या आणि त्याच तीन दिवसांत जमिनीत रुतणारी पात्रं आणि अडखळणारा फ्रेम रेट यांच्या क्लिप्सचा पूर आला. कमी पोकेमॉन घेतले की गेम अधिक घोटीव होईल, ही २०१९ची मांडणी त्यानंतर चाहत्यांपुढे ठेवणं कठीण झालं. एकूण संख्या दरम्यान १०२५वर गेली आहे. फरफ्रूसारखा पोकेमॉन होममध्ये २०२०पासून नुसता पडून होता. स्विचवरच्या मुख्य मालिकेतला एकही गेम त्याला घेत नव्हता, तो थेट २०२५च्या ‘लेजंड्स : झेड-ए’त परतला. त्या गेमचा पैसे देऊन घ्यायचा जादा भाग तर गेम विक्रीला येण्याच्या महिनाभर आधीच जाहीर झाला, आणि २०२० सालचा आरोप पुन्हा शब्दशः ऐकू आला.

आज सगळ्यात नाजूक कडी मधलीच आहे. मार्च २०२३मध्ये थ्रीडीएसचं ई-शॉप बंद झालं. बँक त्यानंतर मोफत झाली, पण ज्यांनी ती आधी डाउनलोड केली होती त्यांनाच तिचा उपयोग. एप्रिल २०२४मध्ये थ्रीडीएसची ऑनलाइन सेवा थांबली, त्यातून बँकेला तूर्त वगळलं आहे आणि तीही पुढे कधीतरी बंद होऊ शकते असं सांगून ठेवलं आहे. ज्यांचे पोकेमॉन अजून ‘रूबी’ किंवा ‘पर्ल’च्या कार्ट्रिजमध्ये आहेत आणि ज्यांच्या थ्रीडीएसवर बँक आहे, त्यांनी ते आत्ताच होममध्ये हलवावेत. कुठला नवा गेम त्यांना घेईल हे नंतर बघता येईल.