चोंगछिंग हुओगुओचा रस्सा

हुओगुओ म्हणजे विस्तवावरचे भांडे. जेवणाच्या मेजावरच रस्सा उकळत ठेवायचा आणि मांसाचे पातळ काप, भाज्या, अळंबी, टोफू ज्याने त्याने आपल्या हाताने त्यात बुडवून, शिजवून खायचे, अशी ही चिनी पद्धत असून आपल्याकडे ती ‘हॉटपॉट’ या नावाने ओळखली जाते. बीजिंगच्या तांब्याच्या बंबासारख्या भांड्यात जवळजवळ साधे पाणीच असते आणि चव तिळाच्या चटणीतून येते. नैर्ऋत्य चीनमधील चोंगछिंग शहरात मात्र सारा जीव रश्शातच असतो. यांगत्से आणि च्यालिंग या नद्यांच्या संगमावरील धक्क्यांवर राबणारे हमाल आणि नावाडी गुरांची स्वस्तात मिळणारी आतडी-कोथळी शिजवून खात. तिचा उग्र दर्प झाकण्याइतका झणझणीत असा हा रस्सा त्यांच्याच चुलीवर घडला, असे मानले जाते.

घरी हा रस्सा करताना बहुतेकांची चूक एकच होते : पाण्याला उकळी आणून त्यात मसाला घालणे. मिरचीचा तिखटपणा आणि रंग पाण्यात नीट उतरत नाही, स्निग्धांशात उतरतो. म्हणून आधी मसाला चरबीत परतून त्याचा गोळा तयार करायचा आणि पाणी अगदी शेवटी घालायचे. चार-पाच जणांसाठी सुमारे 100 ग्रॅम सुक्या मिरच्या काही मिनिटे उकळून, निथळून जाडसर कुटाव्यात. परंपरेने गुरांची चरबी वापरतात, पण रेपसीडच्या तेलातही हा रस्सा होतो, आणि तो शाकाहारी करायचा तर तेच सोयीचे. पाव किलो चरबीत किंवा तेलात आले, लसूण आणि कांद्याची पात तळून काढून घ्यावी, मग मिरचीचा ठेचा आणि 150 ग्रॅम दोउबानच्यांग घालावे. बाकल्याचे दाणे आणि मिरची आंबवून केलेले हे खारट मुरवण असून त्यासाठी सिचुआन प्रांताची राजधानी छंगतूजवळचा पीशियान परिसर प्रसिद्ध आहे. त्याच्यामुळे वेगळे मीठ बहुधा लागतच नाही.

यानंतर आच मंद ठेवून अर्धा-पाऊण तास हलवत राहणे, यातच खरे कौशल्य आहे. सुरुवातीला ओल्या ठेच्याचे मोठे बुडबुडे येतात आणि चरचर मोठी असते. पाणी आटू लागले की बुडबुडे बारीक होतात, आवाज मंदावतो, तेल गडद लाल होते आणि मिरचीच्या सालीच्या कडा किंचित पांढरट दिसू लागतात. त्या खुणेपुढे गेल्यास कडवटपणा येतो आणि तो कशानेही जात नाही. चक्रीफूल, दालचिनी, तमालपत्र, बडीशेप आणि मसाला वेलचीच्या जातकुळीतील त्साओगुओ हा मसाला आधी पाण्यात भिजवून घेतात, म्हणजे तो तेलात करपत नाही. शेवटी खडीसाखर आणि आंबवलेला गोडसर भात घालतात.

ह्वाच्याव म्हणजे सिचुआन मिरी हा मसालाही उशिरा घालतात, कारण त्याचा सुवास फार वेळ टिकत नाही. ‘मा’ म्हणजे जिभेला येणारी झिणझिणी आणि ‘ला’ म्हणजे तिखटपणा. या दोहोंच्या जोडीतील ‘मा’ ह्वाच्यावमधील सॅनशूल या द्रव्यामुळे येते. कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ याच झॅन्थोझायलम प्रजातीतले. दोन्हींत टरफल घ्यायचे आणि आतली काळी बी टाकून द्यायची. सुगंध मात्र एकसारखा नाही, त्यामुळे तिरफळ वापरल्यास झिणझिणी येईल, पण रस्सा चोंगछिंगचा राहणार नाही.

तयार गोळा रात्रभर मुरू द्यावा. दुसऱ्या दिवशी हाडे एकदा उकळून ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात ती दोन-तीन तास शिजवावीत आणि त्या गाळलेल्या पाण्यात गोळा विरघळवावा. शाकाहारी रश्शासाठी सुकी शिताके अळंबी आणि मोड आलेले सोयाबीन उकळून घेतलेले पाणी चांगले. वर मिसळीसारखा जाड कट आला पाहिजे, कारण बुडवलेला प्रत्येक घास त्या कटातूनच वर येतो. कोथळीच्या पातळ कापाला पंधराएक सेकंद पुरतात. मग तो तिळाचे तेल आणि ठेचलेला लसूण असलेल्या वाटीत बुडवतात, त्याने घास निवतो आणि तिखटाची धारही थोडी उतरते. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांच्यासाठी मध्ये पडदी असलेले युआनयांग भांडे वापरून एका बाजूला हाडांचा पांढरा रस्सा ठेवतात. चरबीत केलेला गोळा गार झाल्यावर थिजतो; त्याच्या वड्या कापून फ्रीजरमध्ये ठेवल्या की पुढच्या वेळी फक्त रश्शाचे पाणी तापवायचे उरते.