मत कुणाला आणि नेता कसा: ब्रिटिश चाचण्यांतले दोन आकडे

नाशिकच्या माझ्या मावसभावाला ब्रिटनच्या राजकारणाचा भारी नाद. मी लेस्टरला राहतो, पण इथल्या बातम्या आधी त्याला कळतात. २०२५च्या ऑक्टोबरात त्याने मला एकापाठोपाठ एक असे दोन स्क्रीनशॉट पाठवले. पहिल्यात रिफॉर्म यूके हा पक्ष तिशीच्या आसपास, सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्यात त्याच पक्षाचे नेते नायजेल फराज निम्म्याहून जास्त लोकांना नापसंत. खाली प्रश्न: "यातला खोटा कुठला रे?"

खोटा एकही नाही. हे दोन वेगळ्या प्रश्नांचे आकडे आहेत. दोन्ही एकाच दिवशी, त्याच हजार-दोन हजार माणसांना विचारलेले असू शकतात. घोळ एवढ्यासाठीच होतो की बातमीत दोन्हींच्या मागे ‘जनमत’ हा एकच शब्द लागतो.

इथल्या एका ऑनलाइन चाचणीच्या यादीत माझं नाव आहे, त्यामुळे हे प्रश्न मी स्वतः भरलेले आहेत. पहिला ठरलेला: उद्या सार्वत्रिक निवडणूक झाली तर कोणत्या पक्षाला मत द्याल? खाली हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह), मजूर (लेबर), लिबरल डेमोक्रॅट, रिफॉर्म, ग्रीन अशी यादी आणि तळाशी ‘मत देणार नाही’, ‘माहीत नाही’. मग मतदानाला जाण्याची शक्यता ० ते १० मध्ये किती, ते विचारतात. त्यानंतर नेत्यांचा तक्ता येतो. एकेका नावापुढे खूप अनुकूल, थोडा अनुकूल, थोडा प्रतिकूल, खूप प्रतिकूल. इथे कुणाला निवडायचं नसतं. चौघांनाही ‘खूप प्रतिकूल’ ठोकून मोकळं होता येतं, आणि खरं सांगायचं तर मी एकदा तसं केलंही आहे.

खरी मेख पुढच्या हिशेबात आहे. समजायला सोपा म्हणून एक काल्पनिक आकडा घेऊ. १,००० जणांना विचारलं. १५० म्हणाले माहीत नाही, १०० म्हणाले मत देणारच नाही. मतदानाच्या आकड्यात हे अडीचशे लोक बहुतेक वेळा गाळून टाकतात आणि उरलेल्या ७५० जणांना शंभर टक्के धरतात. त्यातले २२५ एखाद्या पक्षाचे असतील तर बातमी येते: ३० टक्के. हजारात मोजले तर ते साडेबावीसच. नेत्याच्या प्रश्नात मात्र ‘माहीत नाही’वाले जागेवरच राहतात. २८० जण खूश, ५६० नाखूश, १६० जणांना मत नाही. खूश वजा नाखूश केलं की उणे २८. पहिल्या आकड्याचा छेद ७५०, दुसऱ्याचा १,०००. हे दोन एकमेकांशेजारी ठेवून वजाबाकी करणारे लेख मी वाचले आहेत. करू नये.

आता फराज यांच्याकडे. समजा दर दहातले तीन लोक या माणसावर खूश आहेत आणि सहा नाहीत. पसंतीच्या तक्त्यात याची किंमत उणे ३०, म्हणजे अगदी रद्दी. पण तेच तीन जण मतदानाच्या प्रश्नात एकगठ्ठा रिफॉर्मकडे जातात. बाकीचे सहा मजूर, हुजूर, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन आणि स्कॉटलंड-वेल्समधल्या पक्षांत विखुरतात. पाच ठिकाणी वाटल्या गेलेल्या मतांत ३० टक्के म्हणजे पहिला नंबर. पूर्वी मजूर आणि हुजूर मिळून नव्वद टक्क्यांच्या वर मतं घेत (१९५१ साली जवळपास ९७ टक्के घेतली होती), तेव्हा ३० टक्के म्हणजे सपशेल आपटी. मावसभावाच्या दोन्ही स्क्रीनशॉटांत माणसं तीच होती, मोजणारी फूटपट्टी दुसरी.

या दोहोंच्या मधला एक तिसरा प्रश्नही असतो, आणि लोक त्याला पसंतीच समजतात: या दोघांतला चांगला पंतप्रधान कोण? २०२५ मध्ये यूगव्ह या चाचणी कंपनीने तेव्हाचे मजूर पंतप्रधान स्टार्मर की फराज असं समोरासमोर विचारलं तेव्हा स्टार्मर पुढे होते. हे तेच कीर स्टार्मर, ज्यांचा त्याच वर्षी सप्टेंबरात इप्सॉस या दुसऱ्या कंपनीच्या चाचणीत निकाल लागला होता: समाधानी १३ टक्के, असमाधानी ७९, निव्वळ उणे ६६. इप्सॉस हा प्रश्न १९७७पासून विचारते आहे आणि एवढ्या खाली त्यांच्या नोंदीत कुठलाही पंतप्रधान गेला नव्हता. त्याआधीचा नीचांक उणे ५९, जॉन मेजर (१९९४) आणि ऋषी सुनक (२०२४) या दोघांच्या नावावर. म्हणजे माणूस नकोसा, पण समोर फराज उभे केले की तोच बरा. आपल्याकडे याला ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणतात, आणि ब्रिटिश चाचण्या वाचताना ही म्हण मला कुठल्याही आलेखापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे. २०२४ची निवडणूकही याच म्हणीवर झाली. स्टार्मर यांची पसंती तेव्हाही उण्यातच होती. हुजूर पंतप्रधान सुनक यांची त्याहून कितीतरी खाली. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ६५०पैकी ४११ जागा मिळाल्या. जागांवरून लाट वाटते, मतांवरून वाटत नाही, आणि नेत्याच्या पसंतीवरून तर लाट कसली, ओहोटीच.

मग यातला कुठला आकडा धरायचा? इथे चाचणीवाल्या मंडळींत एक लाडका सिद्धांत आहे: मतदानाचा आकडा चुकला तरी नेता आणि अर्थव्यवस्था हे दोन आकडे चुकत नाहीत. दाखला म्हणून १९९२ दाखवतात. ९ एप्रिलच्या मतदानाआधीच्या शेवटच्या चाचण्यांत मजूर पक्ष सरासरी एखाद्या टक्क्याने पुढे. निकालात हुजूर साडेसात टक्क्यांनी पुढे. चाचण्यांची नाचक्की झाली, चौकशी बसली, ‘लाजरे हुजूर’ (चाचणीत हुजूर पक्षाचं नाव सांगायला लाजणारे मतदार) हा शब्दप्रयोग रूढ झाला. पण त्याच लोकांना पंतप्रधान म्हणून हुजूर पक्षाचे मेजर हवेत की मजूर पक्षाचे नील किनॉक, आणि देशाचा पैसा कुणाच्या हाती द्याल, असं विचारलं तेव्हा दोन्हींचं उत्तर हुजूर पक्षाच्या बाजूचं होतं. २०१५ मध्ये पुन्हा तेच. शेवटच्या चाचण्या ३४-३४ अशा बरोबरीत, निकालात हुजूर पंतप्रधान कॅमेरॉन साडेसहा टक्क्यांनी पुढे, आणि नेता व अर्थव्यवस्था या प्रश्नांवर कॅमेरॉन मजूर पक्षाच्या एड मिलिबँडच्या पुढे होते हे आधीपासून छापून येत होतं. (त्या वेळच्या चौकशीचा निष्कर्ष असा की नमुनाच चुकीचा होता, मजूर पक्षाचे लोक त्यात जास्त आले होते. लाजण्याबिजण्याचा फारसा संबंध नव्हता.)

सिद्धांत छान आहे, पण त्याला दोन मोठी भोकं आहेत.

पहिलं १९४५. गॅलप या चाचणी संस्थेच्या पाहणीत त्या मे महिन्यात हुजूर पक्षाच्या चर्चिलच्या कारभारावर ८३ टक्के लोक खूश होते. ब्रिटनमध्ये इतकी पसंती घेऊन निवडणुकीत उतरलेला माणूस शोधून सापडायचा नाही. ५ जुलैला मतदान झालं. परदेशातल्या सैनिकांची मतं गोळा व्हायची म्हणून पेट्या तीन आठवडे तशाच ठेवल्या आणि २६ जुलैला मोजल्या. मजूर पक्षाला ३९३ जागा, पंतप्रधान क्लेमंट अ‍ॅटली. जग चाट पडलं. पण त्याच गॅलपचा दुसरा आकडा, पक्षाचा, मजूर पक्ष पुढे असल्याचं १९४३पासून सांगत होता. न्यूज क्रॉनिकल या दैनिकात तो छापूनही येई, पण मनावर कुणी घेतला नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चर्चिल. लोकांच्या मनात गोंधळ असा नव्हताच. लढाई जिंकायला हा माणूस, आणि नंतर घरं, दवाखाने, नोकऱ्या बघायला तो पक्ष, अशी त्यांनी सरळ वाटणी केली होती. १९३०च्या दशकातली बेकारी हुजूर पक्षाच्या नावावर जमा होती, त्यात चर्चिलचं कर्तृत्व काही वजा करू शकलं नाही.

दुसरं १९७९. मजूर पंतप्रधान कॅलहन हसतमुख, वडीलधारे. लोकांना पंतप्रधान म्हणून ते हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंपेक्षा स्पष्टपणे बरे वाटत होते, शेवटपर्यंत. पण त्या हिवाळ्यात संप इतके झाले की लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये कचऱ्याच्या पिशव्यांचे ढीग लागले, २८ मार्चला संसदेत सरकार एका मताने पडलं आणि ३ मेच्या निवडणुकीत थॅचर बहुमताने आल्या. म्हणून मी तो सिद्धांत अर्धाच मानतो. नेता आणि अर्थव्यवस्था दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील आणि मतदानाचा आकडा दुसरीकडे, तर मतदानाच्या आकड्यावर शंका घ्यावी. नेता एकटाच पुढे असेल तर त्याने हुरळून जाऊ नये. आणि पसंती काही दगडावरची रेघ नसते. २०१७च्या एप्रिलमध्ये हुजूर पंतप्रधान थेरेसा मे दोन्ही आकड्यांत मैलभर पुढे होत्या, पक्षाची आघाडी वीस टक्क्यांच्या आसपास. सात आठवड्यांनी बहुमत गेलं.

अर्थव्यवस्थेच्या आकड्यातही अशीच जुळी भावंडं आहेत. ‘पुढच्या वर्षात देशाची आर्थिक स्थिती सुधारेल की बिघडेल’ हा एक प्रश्न. ‘अर्थव्यवस्था कोणता पक्ष नीट सांभाळेल’ हा दुसरा. पहिला हवामानाचा अंदाज, दुसरा भरवसा. १६ सप्टेंबर १९९२ला पाउंड वाचवायला सरकारने एका दिवसात व्याजदर १० वरून १२ वर नेला, १५ची घोषणा केली, आणि संध्याकाळी युरोपच्या विनिमय यंत्रणेतून (चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून) माघार घेतली. त्यानंतर अर्थव्यवस्था उलट सुधारत गेली, बेकारी उतरली. पण हुजूर पक्षावरचा भरवसा उठला तो उठलाच. १९९७ला अर्थव्यवस्था बरी असूनही मजूर पक्षाला ४१८ जागा. हुजूर पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या वेळी हे सगळं आठवड्याभरात दिसलं: २३ सप्टेंबर २०२२ला करकपातीचं मिनी बजेट, २९ला यूगव्हची चाचणी, मजूर ५४, हुजूर २१.

‘सुधारेल की बिघडेल’ या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक सांख्यिकी कार्यालयाचा अहवाल बघून देत नाहीत, दुधाची कॅन बघून देतात. चार पाइंटांची कॅन २०२२च्या सुरुवातीला मी १ पाउंड १५ पेन्सला घेत होतो. वर्ष संपेपर्यंत १ पाउंड ६५ झाली. पुढच्या वर्षी १ पाउंड ४५वर आली. महागाईचा दर ११.१ टक्क्यांवरून मे २०२४मध्ये २ टक्क्यांवर आला, सुनक यांनी महागाई निम्मी करायचा दिलेला शब्द पाळला. पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे, भाव चढण्याचा वेग फक्त उतरला. कॅन १ पाउंड १५ला परत आली नाही, आणि सुनक यांना श्रेय काही मिळालं नाही. एप्रिल २०२५मध्ये इप्सॉसच्या चाचणीत ७५ टक्के लोक म्हणाले की अर्थव्यवस्था बिघडणार, सुधारणार म्हणणारे ७ टक्के. उणे ६८, १९७८पासूनचा नीचांक. तेव्हा सरकार बदलून वर्षही झालं नव्हतं.

एक बारीकशी गोष्ट राहिली. या चाचण्यांना ‘ब्रिटिश’ म्हणतात ते काटेकोर अर्थाने खरं आहे: बहुतेकींत उत्तर आयर्लंड नसतो. तिथले पक्षच वेगळे, तिथल्या १८ जागांचा हिशेब वेगळा. निकालाची टक्केवारी आणि चाचणीची टक्केवारी दशांशात जुळत नाही, त्याचं एक कारण हेही.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगितलं. त्याची मुलगी एमएससीला शेफील्डला यायची आहे, त्यामुळे त्याने मध्येच विषय तोडून विचारलं, "म्हणजे आमच्या पोरीला हे कुणी विचारणार नाही ना? तिला काय, मत थोडंच आहे तिकडे." मी म्हटलं, आहे. भारत राष्ट्रकुलात असल्याने इथे व्हिसावर कायदेशीर राहणारा अठरा वर्षांवरचा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालून सार्वत्रिक निवडणुकीतही मत देऊ शकतो, विद्यार्थी असला तरी. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "तिला सांगतो, माहीत नाही वर टिक कर." मी म्हटलं, सांग, पण मग तिला गाळून बाकीच्यांचे शंभर टक्के करतील.