इको नॉर्मल आला, तरीही

घरातील एका व्यक्तीला कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचाच विकार, असल्याचे निदान झाले की पाठोपाठ मुलांच्या तपासणीचा प्रश्न उभा राहतो. सुमारे ५०० प्रौढांमागे एकाला आढळणाऱ्या हायपरट्रॉफिक प्रकारात हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत रक्तदाबासारखे दुसरे कारण नसतानाही जाड होत जाते, आणि तो बहुधा अशा रीतीने वारशाने येतो की सदोष जनुक प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते.

पहिली तपासणी इकोकार्डिओग्राफीची, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेणाऱ्या ‘इको’ची. प्रौढांत भिंतीची जाडी १५ मिलिमीटर किंवा अधिक असणे हा निदानाचा नेहमीचा निकष आहे, पण वाढत्या मुलाला तो लावता येत नाही. म्हणून मोजलेली जाडी त्याच्या शरीराच्या आकारमानाशी ताडून ती सरासरीपासून किती दूर आहे, हे ‘झेड-स्कोअर’ने ठरवतात. मात्र नॉर्मल इको केवळ त्या दिवसाचे हृदय दाखवतो. भिंत अनेकदा किशोरवयात जाड होऊ लागते, त्यामुळे सहाव्या वर्षीच्या अहवालावर सोळाव्या वर्षी विसंबता येत नाही. इकोला नीट न दिसणारे हृदयाचे टोक आणि स्नायूतील व्रण एमआरआयमध्ये दिसतात, परंतु लहान मुलाला त्यासाठी बहुधा गुंगीचे औषध किंवा भूल द्यावी लागते.

या विकाराशी जोडलेला पहिला जनुकीय बदल १९९० मध्ये एमवायएच७ या जनुकात सापडला. जनुकीय चाचणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करतात, निरोगी मुलाची नव्हे. हे उलटे वाटते खरे, पण नेमके काय शोधायचे हे ठाऊक नसेल, तर मुलाच्या ‘काही सापडले नाही’ या अहवालाला फारसा अर्थ उरत नाही. आजारी पालकात निश्चितपणे रोगकारक बदल सापडला आणि तो मुलात नसला, तर त्या मुलाची वर्षानुवर्षांची इको तपासणी साधारणपणे थांबवता येते. असला, तरी तो आजार नव्हे. काहींत तो कधीच उमटत नाही, म्हणून दर एक-दोन वर्षांनी हृदय पाहत राहतात. ज्याचा अर्थ अद्याप लागलेला नाही असा बदल सापडला, तर त्यावरून भावंडांबद्दल काहीही ठरवणे, माझ्या मते, चाचणी न करण्याहून वाईट.

तान्ह्या बाळाची भिंत जाड दिसली, तर जनुकांचा शोध आणखी निकडीचा असतो, कारण त्यामागे पॉम्पे रोग, म्हणजे एका विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेचा आनुवंशिक आजार, असू शकतो, आणि त्यात उणे असलेले ते विकर २००६ पासून औषध म्हणून देता येते.