काळा वाघ आणि नशिबाचं गणित

काळ्या वाघाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला की खाली ठरलेली ओळ असते: ‘दाट जंगलात लपण्यासाठी वाघाने रंग बदलला.’ उत्क्रांतीत जे टिकतं ते उपयोगाचंच असतं, हा समज फार पक्का आहे. ओडिशातल्या सिमिलीपालचे वाघ मात्र वेगळं सांगतात. तिथे ‘टॅकपेप’ जनुकातलं एकच अक्षर बदललंय. आई-बाप दोघांकडून बदललेली प्रत आली, तरच पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळतात. इतका दुर्मीळ बदल तिथेच का माजला? २०२१ साली बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मुख्य बोट ठेवलं ते योगायोगावर, म्हणजे जेनेटिक ड्रिफ्टवर.

समजा, एखाद्या वाघिणीकडे एका जनुकाची अशी प्रत आहे, जी तिच्या जंगलात दुसऱ्या कुणाकडेच नाही. प्रत्येक पिल्लाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. तिची दोनच पिल्लं जगली, तर ती प्रत दोघांनाही न मिळण्याची शक्यता चारात एक. प्रत चांगली की वाईट, याचा इथे संबंधच नाही. वाघ शेकड्यांनी असले तर असे योगायोग एकमेकांना भरून काढतात. मोजकेच असले तर नाही. प्रजनन करणाऱ्या वाघांची संख्या दुप्पट करा आणि तिने एकाला भागा. जनुकीय विविधतेचा सरासरी तेवढा हिस्सा दर पिढीला गळतो. वीस वाघ असतील तर अडीच टक्के, दहा पिढ्यांत बावीस टक्क्यांच्या वर. हाही हिशेब सगळे नर सारखेच बाप होतात असं धरून. प्रत्यक्षात एखादा दांडगा नर बहुतेक पिल्लांचा बाप असतो, म्हणजे गळती आणखी वाढते. याच खेळात एखादी दुर्मीळ प्रत उलट पसरतेही. सिमिलीपालचे वाघ इतरांपासून तुटलेले, त्यामुळे तिथे टॅकपेपची बदललेली प्रत पसरली.

यावर उतारा म्हणजे बाहेरचा वाघ. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ सीवॉल राइट यांच्या गणितानुसार पिढीला एखादा पाहुणा प्रजनन करून गेला, तरी दोन जंगलं जनुकीयदृष्ट्या फार दुरावत नाहीत. नागपूर-जबलपूर रस्त्यावर पेंचमध्ये हायवे उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ दिसलेत. मिशा-नखांचा ताईत करून देणाऱ्या भोंदूंसाठी अशा वाटेवरचा वाघ मारला गेला, तर नुकसान दोन्ही जंगलांचं होतं.

नुसतं पोचूनही भागत नाही. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तरुण नर महिनोन्‌महिने चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथे वाघीणच नव्हती.