गोव्यातील भूकंप

गोवा राज्यात आणि त्यालगतच्या अरबी समुद्रात जाणवलेल्या भूकंपांचा इतिहास. ज्याचे केंद्र निश्चितपणे गोव्याच्या भूमीत होते, असा मोठा विध्वंसक भूकंप सिद्ध झालेला नाही; बहुतेक हादरे शेजारून आलेले आहेत.

जुन्या नोंदींत सर्वाधिक चर्चा सप्टेंबर 1524 मधील समुद्रकंपाची (समुद्रात जाणवलेल्या भूकंपाच्या धक्क्यांची) होते. व्हाइसरॉय म्हणून गोव्याकडे निघालेल्या वास्को द गामाच्या ताफ्याला तो जाणवला. पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कुर्रैयाच्या वृत्तांतानुसार, पहाटेच्या पहाऱ्याच्या वेळी जहाजांना असे धक्के बसले, की खलाशांना ती खडकावर चढली असे वाटले. शिडे उतरवली, होड्या पाण्यात सोडल्या, तोफा डागल्या. पण बुडीद (खोली मोजण्याची वजन बांधलेली दोरी) टाकून पाहिली तर तळ लागेना. थांबून थांबून हे सुमारे तासभर चालले. समुद्र आपल्याला भिऊन कापतो आहे, असे सांगून गामाने लोकांना धीर दिला म्हणतात. कुर्रैया हे स्थळ कोकणातील दाभोळजवळचे मानतो. अन्य काही वृत्तांत ते गुजरातेतील खंबायतच्या बाजूला नेतात. कुर्रैया त्या काळी भारतात होता, म्हणून दाभोळचे मत अधिक ग्राह्य वाटते, जरी तारखांबाबत तो फारसा काटेकोर नाही. या घटनेला सरसकट त्सुनामी म्हणणे मात्र घाईचे ठरेल: खोल पाण्यातल्या जहाजाला त्सुनामीची लाट जेमतेम जाणवते, तर कंपाचा धक्का थेट जहाजाच्या तळाला बसतो.

1618 मधील मुंबईचा ‘भूकंप’ भूकंपांच्या काही सूच्यांत आढळतो. तो बहुधा चक्रीवादळ असावा. जुन्या गोव्यातील पडझडीलाही भूकंपाचा पुरावा मानता येत नाही. संत ऑगस्टीन चर्चचे छत 1842 मध्ये कोसळले ते मठ ओस पडल्यानंतरच्या हेळसांडीमुळे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयना भूकंप (सुमारे 6.3 ते 6.5 रिश्टर) गोव्यातही जाणवला. कोयना परिसर पणजीपासून सरळ अंतराने सुमारे 200 किमी. आहे. तेथील कंपांचा संबंध कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाशी जोडला जातो. 26 डिसेंबर 2004 च्या सुमात्रा भूकंपाची त्सुनामी मुरगाव बंदरातील भरतीमापकावर उमटली.

भूकंपरोधक बांधकामाविषयीच्या भारतीय मानकाच्या 2002 व 2016 च्या नकाशांत गोवा तिसऱ्या (मध्यम धोक्याच्या) भूकंपक्षेत्रात येतो. जांभ्याच्या पठारांपेक्षा मांडवी-झुवारीकाठच्या खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल) जमिनींतील मऊ गाळात कंप अधिक वाढण्याची शक्यता असते.