फॉस्टरकडचं रेस्क्यू कुत्रं दत्तक घ्यायचंय? सांगली-मिरजकरांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

रस्त्यावरून उचललेल्या जखमी किंवा टाकून दिलेल्या कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत जी व्यक्ती स्वतःच्या घरात सांभाळते, ती फॉस्टर. त्या कुत्र्याचा स्वभाव तिला सगळ्यात चांगला ठाऊक असतो, म्हणून अर्ज तिच्याकडे किंवा ती ज्या गटासोबत काम करते त्यांच्याकडे करायचा. कुत्र्याची किंमत म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. लस किंवा नसबंदीच्या खर्चातला वाटा मागणं वेगळं.

अर्जदार १८ वर्षांवरचा हवा आणि घरातल्या प्रत्येकाची तयारी हवी. आजीला कुत्रं नको असेल, तर ते आधीच सांगा. कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना शक्यतो कुत्रं देत नाहीत, कारण शिक्षण संपल्यावर कुत्रं कुठे जाणार हा प्रश्न उरतोच.

कागदपत्रं साधीच: आधार कार्ड, लाइट बिल, घराचा छोटा व्हिडिओ. घर भाड्याचं असेल तर भाडेकरार आणि घरमालकाची लेखी संमती. सोसायटी आडवी आली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे: पुराचं काय? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा भागात राहत असाल, तर पाणी चढायला लागल्यावर कुत्र्याला कुणाकडे नेणार, त्या नातेवाइकाचं नाव अर्जातच लिहा. २०१९ च्या महापुरात किती मुकी जनावरं मागे राहिली, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

आता कुत्र्याची ओळख. ‘एकदम शांत आहे’ एवढ्यावर होकार देऊ नका. शेपूट पायात, अंग आकसलेलं, हातातलं बिस्किटही घेत नाही, असं कुत्रं बहुधा भेदरलेलं असतं. तेही उत्तम सोबती होतं, फक्त त्याला वेळ आणि घरात कमी गोंगाट लागतो. म्हणून फॉस्टरला नेमकं विचारा: जेवताना जवळ गेलं तर काय करतं? लहान मुलांनी धरलं तर? मांजर दिसलं तर? घरात एकटं राहतं का? घरच्या सगळ्यांना घेऊन किमान दोनदा भेटा.

लसीकरण कार्ड हातात घेऊन तपासा. रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस वेगळी. गोचीड तापासाठी रक्त तपासलंय का, हेही विचारा. पशु जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे सहा महिन्यांखालच्या पिल्लाची नसबंदी करत नाहीत, त्यामुळे पिल्लू घेताना ती पुढे करून घेण्याचं लिहून द्यावं लागतं.

मग फॉस्टर किंवा तिच्या गटातलं कुणी घर बघायला येतं आणि शेवटी हमीपत्रावर सही होते. विकणार नाही, परस्पर दुसऱ्याला देणार नाही, दिवसभर साखळीला बांधणार नाही, सांभाळणं जमलं नाही तर फॉस्टरकडेच परत देईन, अशा त्यातल्या अटी असतात. वाचून सही करा. प्राण्याला उपाशी-तापाशी हाल होतील असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. महापालिकेच्या परवान्याची चौकशी प्रभाग कार्यालयात करा. जाताना लसीकरण कार्ड सोबत असू द्या.

गणपतीच्या मिरवणुका किंवा दिवाळीच्या फटाक्यांच्या आठवड्यात कुत्रं घरी आणू नका. दोन आठवडे चाचणी म्हणून ठेवायला मिळतं का, हे विचारायला संकोचू नका. सुरुवातीला ओळखीच्या जागेकडे पळण्याची ओढ फार असते, म्हणून आणण्याच्या दिवसापासूनच गळ्यात मोबाइल नंबरची पट्टी, अंगात हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि फाटकाला कडी हवी.