मामा तलावांवरील पक्षीछायाचित्रण

पूर्व विदर्भातील मामा, म्हणजे माजी मालगुजारी (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) तलावांच्या काठी वन्य पाणपक्षी जवळून न्याहाळण्याची व टिपण्याची रीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत असे तलाव हजारोंनी आहेत. ते धानाच्या ओलितासाठी खोदले गेले. त्या कामात कोहळी समाजाचे कसब मोठे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले.

तलावाला एका अंगाने मातीची उंच पाळ असते. समोरच्या अंगाला पाणी उथळ होत होत बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भिडते. शेकाट्या, वंचक, कमळपक्षी तिथेच चरतात. पाळीवरून पक्षी पुष्कळ दिसतात, पण उंचावरून घेतलेले चित्र बेजान येते. म्हणून जाणकार उथळ काठाला, कोवळे ऊन पाठीशी घेऊन, कॅमेरा जवळजवळ पाण्याला टेकवून बसतात. ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स सोयीची.

लेन्सपेक्षा बसणे महत्त्वाचे. रोज ठरल्या वाटेने जाणाऱ्या ढिवरांच्या (मासेमारांच्या) डोंग्याला पक्षी फारसे बुजत नाहीत. काठाने ताडताड चालत आलेल्या पाहुण्याला मात्र अख्खा थवा उठून उत्तर देतो. बांबू व तणसाची लपण आदल्या दिवशीच उभारावी, उजाडण्यापूर्वी आत शिरावे. वंचकाने मान ताणली, टिटवी ओरडू लागली की हालचाल थांबवावी. टिबुकली घरटे सोडताना चोचीने शेवाळ ओढून अंडी झाकते. ते टिपायचा मोह होतो. पण माणूस खूप जवळ आल्याने ती घाईत निसटली तर अंडी उघडीच राहतात आणि कावळ्याला सापडतात.

गोंदियाचे वैभव असलेला सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळात घरटे रचतो. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. या काळात घरट्याजवळ कॅमेरा नेऊच नये. जोडी चरताना दुरूनही सुरेख टिपता येते. स्थलांतरित बदकांसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला.

अलीकडे अनेक काठ बेशरमाच्या झुडपांनी व्यापले आहेत. देवधानासारख्या जुन्या पाणवनस्पती तिथे मागे हटतात आणि उथळात चरणाऱ्या पक्ष्यांना मोकळी जागा उरत नाही. बेशरम उपटून देशी वनस्पती पुन्हा लावण्याचे काम भंडारा जिल्ह्यातील काही गावांत मासेमारांनीच हाती घेतले आहे.